मागचा बाक

आपल्या शाळेत पाचवीत असताना संगीताच्या बाईंनी मला दोन महिने गाऊच दिलं नव्हतं. मागच्या बाकावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "आधी ऐक. गळा कुठं पळून जात नाही." मी रोज रडत घरी जायचे.

जॅझ पुढं मुंबईत शिकायला गेल्यावर भेटला. अमेरिकन जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँगचा तो खरबरीत आवाज ऐकला आणि त्याच वाटेला लागले. गावाकडं, कोल्हापुरात, पुष्कळांना वाईट वाटलं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी जिथं गायले, देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून जिथं आहे, तिथली मुलगी हे काय गाते? तो प्रश्न मलाही छळायचा. मग कळलं की १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत साठवलेली एक सोनेरी तबकडी आहे. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर तिच्यावर भैरवी गातात आणि त्याच तबकडीवर आर्मस्ट्राँगही आहे. त्या दिवशी मी खासबागेवरून देवल क्लबपर्यंत चालत गेले आणि बाहेर बराच वेळ उभी राहिले.

कोल्हापूर सोडवेना, म्हणून इथंच एका शाळेत संगीतशिक्षिका झाले. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, शनिवारी मुंबईत कार्यक्रम, सोमवारी सकाळी स्टेशनवरून थेट प्रार्थनेला. झोपेचं कसंही जमवता येतं, पण गळा एकच. वर्गात आठवडाभर मुलांच्या आवाजावर आवाज चढवायचा आणि शनिवारी त्याच गळ्यानं मध्यरात्रीपर्यंत गायचं, हे वर्षभर केलं. शेवटी स्वरतंतूंना सूज आली. डॉक्टरांनी दोन आठवडे मौन सांगितलं.

रजा शिल्लक नव्हती. मी पेटी, टाळ्या आणि हातवारे एवढ्यावर वर्ग घेतले. आणि मुलं आधीपेक्षा सुरात गायला लागली! मी गात नव्हते म्हणून ती एकमेकांना ऐकत होती. बाईंचं ते "आधी ऐक" मला तिशी उलटल्यावर असं कळलं. तेव्हापासून ओळ एकदाच गाऊन दाखवते आणि गप्प बसते.

मुलांना शिकवताना माझंही गाणं बदललं. जॅझमधला झोल, म्हणजे 'स्विंग' म्हणतात ती डुलती लय, मी नुसता अंगानं गात होते. मुलांसाठी तो फोडून सांगावा लागला: तीनाची लय धरा, पहिल्या दोन एकत्र ओढा, तिसरी अलगद टाका. हलगी वाजवणाऱ्या एका मुलानं तो पहिल्या फटक्यात बाकावर वाजवला. ब्लूज या गाण्याच्या प्रकारातले बारा बार, एकेक चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन, असं सांगितल्यावर मुलं समेवर यावीत तशी पहिल्या मात्रेवर येऊ लागली. मी स्वतः कित्येक वर्षं तिथं चाचपडत होते.

डिसेंबर मात्र अजून जमत नाही. जॅझचा खरा हंगाम तोच आणि शाळांची स्नेहसंमेलनंही तेव्हाच. एका हॉटेलातलं नेहमीचं काम मी संमेलनाच्या तालमीपायी गमावलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण सातवीतल्या मुलींनी दोन महिने बसवलेलं समूहगीत सोडून मला जाववलं नसतं.

आपल्या शाळेच्या महोत्सवाचा कार्यक्रमही शनिवारीच आहे. त्या दिवशीची मुंबईची तारीख मी घेतलेली नाही. बाई येणार आहेत असं कळलंय. मला मागच्या बाकावर जागा ठेवा.