पसरणी, आंबेनळी, वरंधा: ११० सीसीच्या स्कूटरवर तीन घाट

मार्ग असा: पुणे, जुना कात्रज घाट, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाटाने पाचगणी आणि महाबळेश्वर. मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, आणि वरंधा घाट चढून भोरमार्गे परत. गाड्या दोन. माझी ११० सीसीची गिअरलेस स्कूटर, मागे बायको. मेहुणा त्याच्या शंभर सीसीच्या जुन्या मोटरसायकलवर एकटाच. दिवस एप्रिलअखेरचे. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "स्कूटर घाटात तापणार नाही का?" त्यामुळे या वृत्तांतात निसर्ग कमी आणि इंजिन जास्त आहे, आधीच सांगतो.

पुण्याहून पहाटे निघा. शिरवळपर्यंत महामार्गावर सांगण्यासारखं काही नाही. डाव्या कडेने, साठच्या आतबाहेर, मोठ्या गाड्यांच्या वाऱ्याने हँडल हलतं तेवढं सांभाळून. आम्ही गेलो तेव्हा खंबाटकीला पुण्याहून जाणारी वाहतूक घाटाने चढत होती, बोगदा येताना लागायचा. चढ छोटाच आहे, पण गाडीचा कस कळायला पुरेसा. इथेच स्कूटर कुरकुरत असेल, तर पसरणीच्या आधी वाईत मेकॅनिक गाठावा.

वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी १३०० च्या जवळ. बारा-तेरा किलोमीटरांत एवढं चढायचं. दोघं बसलेली स्कूटर इथे तीस-पस्तीसच्या पुढे जात नाही, आणि आवाज मात्र सपाटीवर साठने पळत असल्यासारखा. पाचगणीच्या अलीकडे मेहुणा थांबला होता. "दाजी, केवढी ओरडतेय! जरा थंड होऊ द्या." मी म्हटलं, ओरडतेय म्हणूनच ठीक आहे.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकापर्यंत पोचतो. बराचसा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींमधून बाहेर काढावी लागते. एअर-कूल्ड इंजिनात हे काम फिन करतात, म्हणजे सिलिंडर आणि हेडवरच्या (सिलिंडरच्या झाकणावरच्या) त्या ॲल्युमिनियमच्या पातळ कडा. कपातला चहा बशीत ओतून फुंकर मारावी, तसं आहे हे. फिनमुळे पृष्ठभाग वाढतो, पण फुंकर कोणीतरी मारावी लागते. मोटरसायकलचं इंजिन उघड्यावर असतं, त्याला समोरचा वाराच पुरतो. स्कूटरचं इंजिन सीटखाली, पॅनेलच्या आड, मागच्या चाकाला चिकटून. तिथे रस्त्यावरचा वारा पोचतच नाही. म्हणून उजव्या बाजूला, मॅग्नेटवर (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर), एक प्लास्टिकचा पंखा बसवलेला असतो. जाळीतून हवा ओढायची आणि सिलिंडरभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणातून फिनवर ढकलायची, एवढंच त्याचं काम.

हा पंखा थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यावर फिरतो, चाकाशी त्याचा काही संबंध नाही. गाडी वीसने चालली आहे की पन्नासने, हे त्याला ठाऊकच नसतं. इंजिनाचे फेरे वाढले की हवा वाढते, आणि ती जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. चढावर गिअरलेस स्कूटरचा व्हेरिएटर, म्हणजे गिअरचं काम आपोआप करणारी बेल्ट-पुलीची जोडी, खालच्या गिअरसारखा राहतो. वेग कमी, पण फेरे पाच-सहा हजारांच्या घरात, म्हणजे आयडलिंगच्या (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) तिप्पट हवा. जोर सर्वांत जास्त लागतो तेव्हाच वारंही सर्वांत जास्त मिळतं. मोटरसायकलवाला मात्र आळसाने वरच्या गिअरमध्ये राहिला, तर फेरे पडतात, वेग पडतो आणि त्याबरोबर समोरचा वाराही. मेहुण्याचं नेमकं तेच चाललं होतं. त्याला दुसऱ्यात आणल्यावर त्याच्या इंजिनाची टकटक थांबली.

हे फुकटात होत नाही. पंखा फिरवायला इंजिनाची थोडी ताकद जाते, सपाटीवर गरज नसतानाही जाते. रोज शहरात आणि वर्षातून कधीतरी घाटात जाणाऱ्याला हा सौदा मला तरी पटतो. रेडिएटर नाही, पंप नाही, कूलंट नाही. यामाहाच्या एरॉक्ससारखी लिक्विड-कूल्ड स्कूटर जास्त ताकद देते, पण आडगावात पाइप गळला तर काय करायचं?

आता खरी काळजी. पाचगणी ते महाबळेश्वर हा रस्ता सुट्टीच्या दिवशी गुरेघर आणि वेण्णा तलावापाशी तुंबतो. गर्दीत इंजिनाला भीती नाही, कारण उभ्या गाडीतही पंखा चालूच असतो. तापतो तो क्लच. चढावर रांगेत उभं असताना अनेक जण ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर किंचित पिळून गाडी तोलून धरतात. अशा वेळी मागच्या चाकाजवळचा क्लच घसरत राहतो आणि बेल्ट-पुलीच्या डाव्या केसमध्ये उष्णता साठते. त्या केसला स्वतःची वेगळी हवा असते. पुढच्या पुलीच्या पात्यांनीच ती खेळवली जाते, उजवीकडचा पंखा तिथे कामाचा नाही. तेव्हा उभं राहायचं असेल तर ब्रेक दाबून, आणि पुढे मोकळं झाल्यावर एकदम निघायचं. डावीकडून जळक्या रबराचा वास आला तर बेल्टला विश्रांती द्या.

लांब चढ संपल्यावर लगेच चावी फिरवू नये. इंजिन बंद की पंखा बंद, आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते. शेवटचा किलोमीटर हलक्या हाताने चालवा, अर्धा मिनिट आयडलिंगवर ठेवा, मग बंद करा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणारे आजही भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा, धातूला तडा जाऊ शकतो.

महाबळेश्वरला टाकी भरून घ्या. सकाळी लवकर आंबेनळीला लागलात तर प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत रस्ता जवळजवळ तुमचाच. चाळीसेक किलोमीटरांत साडेतेराशे मीटरवरून जवळपास समुद्रसपाटीला यायचं. इथे इंजिन निवांत असतं आणि ब्रेक भाजतात. स्कूटरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून वेग पंधरा-वीसच्या खाली गेला की क्लच सुटतो, गाडी मोकळी घरंगळते आणि सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. वळणाच्या आधी वेग कमी केल्यावर ॲक्सिलरेटर किंचित द्या. क्लच पुन्हा धरतो आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. पेट्रोल वाचवायला चावी बंद करून उतरणारे दिसले. ते करू नका, हातात उरतात फक्त ब्रेक. वाडा कुंभरोशीला चहाला थांबलो, तेव्हा मागच्या ड्रमजवळ हात धरवत नव्हता.

जुन्या चेतकवाल्यांचं गणित उलटं होतं, हे जाता जाता. तिलाही इंजिनासोबत फिरणाऱ्या फ्लायव्हीलवरचा पंखाच होता, पण टू-स्ट्रोक असल्याने तेल पेट्रोलमधूनच मिळायचं. उतारावर ॲक्सिलरेटर बंद आणि फेरे चढलेले, म्हणजे पिस्टन कोरडा पडायची भीती. म्हणून जुनी माणसं उतारावर अधूनमधून ॲक्सिलरेटरची एखादी पिळ द्यायची. आजच्या फोर-स्ट्रोकला वेगळं तेल असतं, तो प्रश्न नाही. मात्र ते तेल एक लिटरपेक्षाही कमी असतं आणि उष्णता वाहून नेण्यात त्याचाही वाटा आहे. निघण्याआधी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहाच.

महाडला जेवायला थांबलो तेव्हा उजवीकडून खडखड येत होती. फॅन कव्हरचे दोन स्क्रू गायब, आणि आतलं आवरण एका बाजूने सुटलेलं. जायच्या आठवड्यातच गाडी एका गॅरेजात सर्व्हिस करून घेतली होती. फोन केला तर उत्तर मिळालं, "त्याने काही होत नाही, उलट हवा जास्त लागेल." हा समज फार पसरलेला आहे आणि पूर्ण चुकीचा आहे. आवरण सैल असलं तर पंख्याची हवा फिनपर्यंत न जाता वाटेतच निसटते, आणि सिलिंडरची पलीकडची बाजू तशीच तापत राहते. महाडच्या मेकॅनिकने स्क्रू बसवले आणि फिनमध्ये अडकलेला चिखल ब्रशने काढला. चिखल आणि तेलाचा थर म्हणजे फिनवर घातलेलं स्वेटरच. सर्व्हिसनंतर उजवीकडचे सगळे स्क्रू स्वतः मोजा, आणि रेनकोट किंवा पिशवी त्या जाळीवर लोंबकळू देऊ नका.

वरंधा आम्ही भर दुपारी चढलो. कोकणातला उकाडा पाहता इंजिनाचं काय होईल, असं वाटतं. पण फिन दीडशे अंशांवर आहे असं धरलं, तर बाहेर वीस अंश असताना फरक १३० चा आणि चाळीस असताना ११० चा. म्हणजे थंडावा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी. जाणवण्याइतकं आहे, घाबरण्याइतकं नाही. आपल्या जिवाला मात्र दुपार झेपत नाही, त्यामुळे महाडहून सकाळी निघता आलं तर उत्तम. वाघजाई मंदिरापाशी भजी खाल्ली आणि माकडांपासून हेल्मेट वाचवलं.

हा घाट दरडी आणि रस्त्याच्या कामांमुळे बऱ्याचदा बंद असतो, पावसाळ्यात तर हमखास. महाड किंवा भोरमध्ये विचारूनच वळा, नाहीतर आल्या वाटेने परत आंबेनळी चढावा लागेल. माथ्यापासून भोरपर्यंत नीरा देवघर धरणाच्या पाण्याकाठचा रस्ता वळणाचा आणि बऱ्याच ठिकाणी उखडलेला आहे. उजेड असेपर्यंत भोर गाठा. कापूरहोळला महामार्ग लागतो, आणि रविवार संध्याकाळ असेल तर तिथून कात्रजपर्यंत गर्दीतच यायचं. घरी आल्यावर गाडी पूर्ण गार होऊ द्या, मगच धुवा. दुसऱ्या दिवशी सपाट जागी मेन स्टँडवर लावून तेलाची पातळी पुन्हा बघा.