मिठाची बरणी

जून सरला की आमच्या प्रभादेवीच्या घरात मिठाला पाणी सुटतं. आई बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवते, चार दिवसांत तेही भिजून हात टेकतात. बरणी मूळची लोणच्याची, काचेची, झाकण पत्र्याचं.

परवा भाची विज्ञानाची वही घेऊन ओट्यापाशीच बसली होती. वहीत दोन रकाने, भौतिक बदल आणि रासायनिक बदल. बर्फ वितळणं डावीकडे, दुधाचं दही उजवीकडे, डांबराच्या गोळ्या कपाटात झिजतात ते संप्लवन, म्हणजे न वितळता थेट वायू होणं, म्हणून पुन्हा डावीकडे. अडली ती मिठापाशी.

"मामा, आजीच्या मिठाचं पाणी झालं. हे कुठे लिहू?"

मिठाचं पाणी होत नाही, हे आधी सांगावं लागलं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून घेतं आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळतं. जुलैतल्या मुंबईत त्याला याहून वेगळं काही करायची सोयच नाही. तव्यावर टाकलं की पाणी उडून जातं, मीठ होतं तसं उरतं. वडाळा-भांडुपच्या मिठागरांत तरी दुसरं काय व्हायचं? लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. ऊन लागलं की पाणी वर, मीठ खाली. नवा पदार्थ झाला नाही, म्हणजे भौतिक.

"म्हणजे परत मिळालं की भौतिक."

इथे माझं आणि शाळेतल्या त्या सोप्या नियमाचं कधीच पटलेलं नाही. वही टराटरा फाडली तर ती परत मिळत नाही, तरी तो भौतिकच बदल. कागद कागदच राहतो ना! विचारायचं ते एवढंच, की नवा पदार्थ तयार झाला का. सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू, पाण्यात पडला तर पेट घेतो. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने तो पहिल्यांदा वेगळा काढला. क्लोरीन हा विषारी वायू. दोघांचा संयोग झाला की जे होतं ते आपण वरणात घालतो. ५८.५ ग्रॅम मिठात २३ ग्रॅम सोडियम, बाकी क्लोरीन, आणि दोघांचाही मूळचा स्वभाव औषधालासुद्धा शिल्लक नाही. तो रासायनिक बदल.

बोलता बोलता माझी नजर खिडकीच्या ग्रिलकडे गेली. दर दोन वर्षांनी आम्ही त्याला रंग काढतो आणि दर दोन वर्षांनी रंगाखालून तांबूस पोपडे डोकं वर काढतात. लोखंडाला ऑक्सिजन आणि पाणी मिळालं की गंज चढतो. समुद्रावरून येणारं खारं वारं ते काम आणखी भरभर उरकतं. गंमत म्हणजे गंजून लोखंडाचं वजन घटत नाही, वाढतं. ११२ ग्रॅम लोखंड हवेतला ४८ ग्रॅम ऑक्सिजन पोटात घेतं, वर थोडं पाणीही. फुगतंही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ही जागा तो स्लॅबच्या आतच मागायला लागला की छताचे पोपडे पडतात, सळ्या उघड्या पडतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढतात. काँक्रीटमधल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर असतो. तो फोडायचं काम मिठातलाच क्लोराइड करतो. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, त्यामागे हेही एक कारण. आमच्या मीटिंगांमध्ये मात्र दोष नेहमी वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचाच असतो.

तरी गंजही परत फिरत नाही असं नाही. लोखंडाच्या खनिजात आणि गंजात फारसा फरक नसतो. लोखंड गंजतं म्हणजे माहेरी जातं म्हणा. कोकबरोबर, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या इंधनाबरोबर, भट्टीत घातलं की पुन्हा सासरी. हे भाचीला सांगितलं नाही, नाहीतर ती दोन्ही रकाने खोडून बसली असती.

"अरे, मीठ दे आधी," आई म्हणाली. "आमटी उकळतेय."

झाकण हलेना. फडक्यात धरून पिळलं, आटे करकरले, हाताला तांबूस भुकटी लागली. आत मीठ ओलं, पण पांढरं स्वच्छ. भाचीने माझ्या तळव्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि मीठ डावीकडे, झाकण उजवीकडे लिहून वही मिटली.

आईने तवा चढवला.