साखळी तुटली आणि खांदा निखळला

मी कबड्डीत उजव्या कोपऱ्याला खेळते. त्या दिवशी माझ्या डाव्या हातात शेजारच्या मुलीचा हात होता. समोरची चढाईपटू वळली आणि साखळीच्या मधूनच घुसली. खांद्याएवढा वर असलेला माझा हात तसाच मागे ओढला गेला. आवाज कुणाला आला नाही, पण आत काहीतरी सरकल्याचं मला कळलं. मग कळ आली, डोळ्यांपुढे अंधार आणणारी.

उजव्या हाताने डावं कोपर धरून मी खाली बसले. आमच्या प्रशिक्षक मॅडमनी बाही वर केली. खांद्याची गोलाई गेली होती. वरचं हाड टोकदार दिसत होतं, त्याखाली खळगा आणि पुढच्या बाजूला, काखेच्या वर, फुगवटा. "तळवा उजव्या खांद्यावर ठेव बघू," त्या म्हणाल्या. मला तो छातीपर्यंतही आणता येईना.

तेवढ्यात गावातले तात्या मैदानात आले. "आण पोरी हात, एका हिसक्यात बसवतो." आमच्याकडे अनेकांचे खांदे असेच बसवलेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात प्रेमच होतं. मॅडमनी हात जोडून त्यांना थांबवलं, त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी राहीन. काखेतून हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात. सोबत हाडही मोडलेलं असलं, तर एक हिसका सगळंच बिघडवू शकतो. एक्स-रेशिवाय ते बाहेरून कळत नाही.

हात ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत ठेवून मॅडमनी मधल्या फटीत टॉवेलची घडी सरकवली आणि ओढणीची झोळी बांधली. सूज चढायच्या आत बोटातली अंगठी काढली. मी पाणी मागितलं, तर फक्त ओठ ओले केले, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मनगटाची नाडी पाहिली. मग दंडाच्या वरच्या भागाला बाहेरून कापूस लावला. रुपयाएवढ्या जागेत मला तो जाणवतच नव्हता. खांद्याला वेढा घालून जाणारी नस ताणली गेली होती. एक्स-रेत हाडाचा गोळा वाटीतून निसटून पुढे आलेला दिसला. बहुतेकांचा खांदा असाच पुढे निखळतो. शेजारच्या खाटेवरच्या काकांना पंपाच्या मोटारीचा शॉक बसला होता. त्यांचा खांदा मागे गेला होता आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ सरळच दिसत होता. शॉक किंवा फिट आल्यावर खांदा दुखत असेल, तर बाजूनेही एक्स-रे काढायला सांगावं, हे मी तिथे शिकले.

मला गुंगीचं इंजेक्शन दिलं. छातीभोवती चादर गुंडाळून एकाने मला धरलं आणि डॉक्टरांनी हात हळूहळू, एकसारखा ताणला. हिसका नव्हताच. अर्धवट शुद्धीत घप्प असं जाणवलं आणि कळ क्षणात ओसरली. पुन्हा नाडी पाहिली, पुन्हा एक्स-रे काढला.

तीन आठवडे झोळी आणि नंतर फिजिओथेरपी, असं सांगितलं होतं. दुखणं थांबलं म्हणून मी दहाव्या दिवशी झोळी सोडली आणि व्यायामाला गेलेच नाही. सात महिन्यांनी एसटीत वरच्या फळीवरची बॅग काढताना तोच खांदा पुन्हा निखळला. डॉक्टर रागावले नाहीत. विशीच्या आतल्यांचा खांदा पुन्हा निखळण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो, खेळाडूंचा तर आणखीच, असं त्यांनी समजावलं. चाळिशीनंतर मात्र खांदा फिरवणारे स्नायू फाटलेत का, ते आधी पाहावं लागतं. माझ्या एमआरआयमध्ये वाटीची पुढची कड खालच्या बाजूने सुटलेली दिसली. या इजेला बँकार्ट म्हणतात. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी 1923 मध्ये तिचं वर्णन केलं होतं. दुर्बिणीतून ती कड पुन्हा हाडाला टाचली.

या वेळी झोळी एक दिवसही आधी काढली नाही. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम केला. बधिर जागा तर पहिल्या दुखापतीनंतर दोन महिन्यांतच जागी झाली होती.

आता ऑपरेशननंतरचा सातवा महिना चालू आहे. मॅडम अजून साखळीत घेत नाहीत. फिजिओ माझा हात वर नेऊन बाहेर फिरवतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. चेहऱ्यावर भीती दिसली की तिथेच थांबतात. परवा पहिल्यांदा ते थांबले नाहीत.