तुम्ही विचारलंत म्हणून: खरं बोलून मिळालं काय?

मजुरांच्या पगाराच्या ऑडिटमधे मी खरं बोलले त्याला आठ वर्षं झाली तरी लोक विचारायचे थांबत नाहीत. लग्नात पंगतीला शेजारी बसलेली नणंद विचारते, कॉलनीतल्या काकू विचारतात, माझा सख्खा भाऊ तर दर नाताळला विचारतो, की ताई खरं बोलून तुला मिळालं काय? आणि चर्चमधले वेगळ्या पद्धतीने विचारतात, "सिस्टर, तुमची साक्ष द्या ना, त्यानंतर प्रभूने तुम्हाला कसं उभं केलं ते सांगा." म्हणजे प्रश्न तोच, फक्त ह्यांना उत्तर उलटं हवंय. दोघांचाही मला राग येतो, आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

मिळालं काहीच नाही. १४ हजाराची नोकरी गेली, मिस्टर सातपूरला कंत्राटावर, मुलीची नर्सिंगची ॲडमिशन एक वर्ष पुढे गेली, आणि आज मी इथे नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या दोन दुकानांचे हिशेब लिहिते, दोन्हीचे मिळून ९ हजार होतात. प्रभूने दुप्पट करून दिलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, साक्ष ऐकणाऱ्यांनाही बरं वाटलं असतं, पण तसं झालेलं नाही आणि जे झालं नाही ते मी वेदीसमोर उभं राहून सांगणार नाही.

ज्यांना अर्धवट माहितीये त्यांच्यासाठी थोडक्यात. मी दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमधे अकाउंट्सला होते, सहा वर्षं. माल युरोपला जायचा. तिकडच्या खरेदीदारांना नुसतं फळांवर उरलेल्या औषधांचं प्रमाण, म्हणजे रेसिड्यू, तपासून भागत नाही, मजुरांना नीट पगार मिळतो का ह्याचंही ऑडिट लागतं. म्हणून माझ्याकडे दोन वह्या होत्या, खरी ती कच्ची आणि ऑडिटला दाखवायची ती पक्की. पक्कीत बाईमागे रोजचे ३२०, कच्चीत २२०. मधले शंभर मुकादम आणि मालकात कसे वाटले जायचे ते मी विचारलं नाही. बाया पेठ, सुरगाण्याकडच्या, जानेवारी ते एप्रिल टोळीने येणाऱ्या. शनिवारी संध्याकाळी पैसे वाटायचे. दिवसभर घड साफ करून, पनेट म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे भरून त्यांचे हात द्राक्षाच्या रसाने इतके चिकट झालेले असायचे की अंगठ्याला शाईच नीट लागायची नाही. मग मी ओल्या फडक्याने एकेकीचा अंगठा पुसायचे, माझ्या हाताने पॅडवर टेकवायचे आणि ३२० च्या पुढे उठवायचे. किती मायेने पुसायचे मी, ते आता आठवलं की पोटात कालवतं.

आणि ह्याच सहा वर्षांत मी रविवारी संडे स्कूल घेत होते.

आता इथे मला माझीच बाजू घ्यावीशी वाटते म्हणून घेते. मला खरंच वाटत होतं की मी पवित्र जीवन जगतेय. नाशिकमधे राहून पवित्र ह्या शब्दापासून तुम्ही लांब राहू शकत नाही, रामकुंड आहे, दर बारा वर्षांनी कुंभमेळा आहे, लहानपणी शेजारच्या आजींचं सोवळं बघत वाढले मी. आणि आपण ख्रिस्ती लोक म्हणतो की आमच्यात सोवळंओवळं नाही. आहे की! घरात दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही, गुड फ्रायडेला पांढरी साडी, प्रभुभोजनाआधी कोणाशी भांडण असेल तर मिटवून घ्यायचं. हे सगळं मी पाळत होते आणि मनापासून पाळत होते, ते ढोंग नव्हतं. फक्त शनिवार संध्याकाळ त्यात येत नव्हती. तो धंदा होता, तो मालकाचा हिशेब होता, मी फक्त लिहीत होते.

बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र मुलांना शिकवायला घेतलं तेव्हा पहिल्याच अध्यायात ते आलं, मनाची कंबर बांधा, कृपेवर पूर्ण आशा ठेवा, आज्ञाधारक मुलांसारखे राहा, आणि ज्याने तुम्हाला बोलावलं तो पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. आशा, आज्ञापालन, पवित्रता अशी तीन खणांची चौकट मी फळ्यावर काढली. पेत्र तिथे म्हणतो की असं लिहिलेलं आहे. एका मुलीने विचारलं, टीचर कुठे लिहिलंय? मी जुन्या करारातलं लेवीय म्हटलं आणि घरी येऊन एकोणिसावा अध्याय उघडला. तोपर्यंत मी तिथली दुसरी ओवीच वाचायचे, पवित्र व्हा, आणि पुस्तक मिटायचे. त्या रात्री पुढे वाचलं. पवित्र व्हा म्हटल्यावर देव पुढे काय सांगतो तर द्राक्षमळ्यात खाली पडलेली फळं वेचू नको, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. तराजू खरा ठेव, वजनं खरी ठेव. द्राक्षमळा, मजुरी, माप, माझ्या कामाचाच अध्याय होता तो, आणि मला वाटत होतं पवित्रता म्हणजे पांढरी साडी.

बरं एवढं वाचून मी दुसऱ्या दिवशी उठून खरं बोलले असं समजू नका. तीन आठवडे मी काहीही केलं नाही. तीनही शनिवार अंगठे घेतले.

आणखी एक गोष्ट मनातून जात नव्हती. मी नाशिकच्या शरणपूरची. आमच्या लहानपणी हे आम्हाला अभिमानाने सांगायचे की १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने हे गाव वसवलं, अरबांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन गुलामांना, त्यात लहान मुलंही होती, इथे आणून शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम दिलं. त्यांच्यातलेच काही जण पुढे मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेले. १८७३ मधे तो वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचा देह महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणला, त्यांच्यातला जेकब वेनराइट आपल्या नाशिकला शिकलेला, १८७४ मधे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळी तो हजर होता. म्हणून ह्या जागेला शरणपूर म्हणायचं, असं आम्ही पाठ केलेलं. ज्यांचे कष्ट दुसऱ्याने विकून खाल्ले होते त्यांना शरण मिळालेली जागा. आणि तिथली मुलगी कुठल्या टेबलावर बसली होती?

ऑडिटचा दिवस, फेब्रुवारी २०१७. पुण्याहून एक पोरगेलासा ऑडिटर आलेला. बायांना आदल्या दिवशीच मुकादमाने पढवलेलं, विचारलं तर तीनशे वीस म्हणायचं. त्या तसंच म्हणाल्या. मग तो माझ्या टेबलापाशी आला, मस्टर चाळलं, म्हणाला, "मॅडम, रजिस्टर तुम्हीच लिहिता ना? हेच पैसे हातात देता ना?" त्याने विचारता विचारताच पेन त्या चौकोनावर टेकवलं होतं, टिक करायला. आधीच्या तीन ऑडिटना मी हो म्हटलं होतं. ह्या वेळी मी म्हटलं, नाही. त्याला ऐकू आलं नाही की काय, म्हणाला, काय? मी ड्रॉवर उघडून कच्ची वही काढून टेबलावर ठेवली. मालक दारात उभे होते.

हे सांगताना लोकांचे डोळे चमकतात, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. आदल्या आठवड्यात मी मुलीच्या फीसाठी ॲडव्हान्स मागितला होता आणि मालकांनी सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं. तो राग माझ्यात होता. त्या "नाही"मधे देवाची आज्ञा किती होती आणि माझा राग किती होता हे मी आठ वर्षं मोजायचा प्रयत्न करतेय, मला मोजता आलेलं नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, देव रागाचाही उपयोग करतो. करत असेल. मला ते उत्तर फार सोपं वाटतं.

माझी नोकरी गेली ते ठीक, ते मी धरूनच चालले होते. पण त्या खरेदीदाराने माल थांबवला, आणि दहा दिवसांत पॅकहाउसची दुसरी पाळी बंद झाली. चाळीसेक बायांना सीझन अर्धा असताना परत पाठवलं.

मला कळलं तेव्हा मी पेठ नाक्यावर गेले. का गेले माहीत नाही. त्या तिथे जीपची वाट बघत बसलेल्या, गाठोडी, पत्र्याचे डबे, एकीच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. मला बघून कोणी उठलं नाही, एरवी ताई ताई करत उठायच्या. एक बाई होती, चाळिशीची असेल, तिचा अंगठा कात्रीने कायम कापलेला असायचा म्हणून मला नीट आठवते. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला कोनी सांगितलं बोलायला? आमी सांगितलं व्हतं का?"

मी म्हटलं, अगं तुमचे शंभर शंभर रुपये रोज जात होते.

ती म्हणाली, "ते आमाला म्हाईत नव्हतं का? दोनशे वीस तर येत व्हते. आता गावाला काय हाय?" मग थोड्या वेळाने, आवाज न चढवता, "तुमचं तुमच्या देवापाशी झालं. आमचं काय?"

मी उभीच राहिले. ऊन होतं, जीपवाला पेठ पेठ ओरडत होता. ह्या बाईला मी कधी विचारलंच नव्हतं. सहा वर्षं तिचा अंगठा धरला पण तिला काय हवंय हे विचारलं नाही, खोटं लिहिताना विचारलं नाही आणि खरं बोलतानाही विचारलं नाही. माझ्या पर्समधे ५०० रुपये होते ते मी पुढे केले. तिने घेतले, पदराच्या टोकाला बांधले. घेतले म्हणून मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं ह्याची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. जीप भरली, त्या गेल्या. तिचं नाव पक्क्या मस्टरला होतं, मी स्वतः लिहिलेलं, आणि त्या उन्हात मला ते आठवेना.

पुढच्या वर्षी कानावर आलं की तिथे आता पगार बँकेत जमा होतो, पूर्ण. मला दोन दिवस फार बरं वाटलं, मिस्टरांना म्हटलं, बघा. मग कळलं की बायांची एटीएम कार्डं मुकादमाकडेच असतात.

मग आशा कसली, असं तुम्ही विचारता. भाऊ तर म्हणतो, तुझा देव तुला नुसतं करायला लावतो आणि बाजूला होतो. मी पूर्वी अशा वेळी वचनं फेकायचे, आता नाही फेकत. मला एवढंच सांगता येतं. ज्या पेत्राने हे लिहिलं, की तुमच्यातल्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यपणे द्या, त्या पेत्राला स्वतःला, येशूला पकडून नेलं त्या रात्री, अंगणात शेकोटीपाशी विचारलं गेलं होतं, पहिल्यांदा एका दासीने, तूही त्याच्याबरोबर होतास ना? तीनदा विचारलं आणि तीनदा तो नाही म्हणाला. मग कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. पुढे पुनरुत्थानानंतर समुद्राच्या काठी प्रभू त्याला परत तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? हिशेब मागत नाही, का खोटं बोललास म्हणत नाही. परत विचारतो. माझी आशा एवढ्यावर उभी आहे. मी तीन ऑडिटना खोटं बोलले आणि चौथ्यांदा मला परत विचारलं गेलं. तो ऑडिटर होता, देवदूत नव्हता, मला कळतं. तरी मला परत विचारलं गेलं.

पण ह्याने त्या बाईचं उत्तर होत नाही, हेही मला कळतं. माझी आशा मला मिळाली, तिचे फेब्रुवारी ते एप्रिलचे पैसे तिला मिळाले नाहीत. जी म्हणते की आज्ञा पाळणं हे तुझं काम, परिणाम देवाचं काम, ती माझ्यातलीच जुनी संडे स्कूलवाली बाई आहे आणि तिला मी म्हणते की बाई गं, परिणाम पेठ नाक्यावर गाठोडं घेऊन बसलेले होते. तीही गप्प बसत नाही, म्हणते, मग काय अजून अंगठेच घेत बसली असतीस? नाही. तेही नाही. आमच्या दोघींचं हे रात्री भांडी घासताना चालू असतं.

दर जानेवारीत जीपा यायला लागल्या की मी पेठ नाक्यावरून जाते, वाट वाकडी करून. ती दिसलेली नाही. दिसली तर पहिलं नाव विचारणार आहे.

परवा मुलगी, ती आता हॉस्पिटलला ड्यूटी करते, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, "मम्मी, परत तसाच प्रसंग आला तर बोलशील?"

मी म्हटलं, बोलेन. पण ह्या वेळी आधी त्या बायांना विचारेन.

ती म्हणाली, "आणि त्या नको म्हणाल्या तर?"

मी पोळी उलटली. दुसरी लाटायला घेतली. ती अजून दारात उभी होती.