तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्ही बघून लहान मूल शिकतं का?

बालवाडी सुटताना दारात पालक थांबतात ते बहुतेक वेळा याच प्रश्नासाठी. "ताई, टीव्ही बघून याला वीसपर्यंत आकडे यायला लागले. मग दाखवायला काय हरकत आहे?" गेल्या आठवड्यात एका आईनं असंच विचारलं आणि घाईगर्दीत मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे लिहितेय.

त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा. वन-टू-थ्री खरंच वीसपर्यंत म्हणतो, कार्यक्रमातल्याच चालीवर. मध्येच अडवलं तर पुन्हा वनपासून धरतो. मी त्याच्यापुढे सहा चिंचोके ठेवले आणि म्हटलं, "मला दोन दे." त्यानं सगळेच्या सगळे उचलून माझ्या हातावर ओतले. यात त्याचं काही चुकलं नाही, त्या वयाची पुष्कळ मुलं असंच करतात. आकड्यांचं गाणं त्याला येतं. 'दोन' म्हणजे किती, हे अजून यायचं आहे, आणि ते यायला कुणीतरी हातावर दोन चिंचोके ठेवावे लागतात, काढून घ्यावे लागतात, पुन्हा ठेवावे लागतात.

अमेरिकेत पॅट्रिशिया कुल या संशोधिकेनं केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. घरी फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून बोलली, खेळली, त्यांना पुस्तकं दाखवली. सुमारे २५ मिनिटांच्या अशा १२ बैठका. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. पहिल्या गटातली बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. टीव्हीवाल्या गटाच्या पदरात काहीच पडलं नाही. मला याचं नवल वाटत नाही. समोरचं माणूस बाळाची नजर कुठे गेली ते बघतं, त्याच वस्तूचं नाव घेतं, बाळ हुंकारलं की थांबतं. टीव्ही कुणासाठी थांबत नाही.

टीव्हीवर सगळं टाकाऊच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेला 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम शिक्षणतज्ज्ञांना बरोबर घेऊन तयार झाला. त्याचंच आपल्याकडचं रूप म्हणजे २००६ मध्ये आलेलं 'गली गली सिम सिम'. १९९६ च्या 'ब्लूज क्लूज'मध्ये तर निवेदक प्रश्न विचारून खरंच थांबायचा, आणि एकच भाग लागोपाठ पाच दिवस दाखवत, कारण मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते. अशा कार्यक्रमांतून मुलं शिकतात, पण ती तीन ते पाच वर्षांची. दीड-दोन वर्षांच्या बाळाला पडद्यावरचा चेंडू आणि कोपऱ्यातला चेंडू यांची सांगड घालणंच जड जातं.

पालक ज्याबद्दल विचारतच नाहीत, त्याची मला जास्त काळजी वाटते. घरात मोठ्यांची मालिका चालू असते, बाळ खाली चटईवर खेळत असतं. 'तो कुठे बघतोय!' असं आपण म्हणतो. पण त्या वेळात आपण त्याच्याशी बोलत नाही. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात लहान मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक ठेवून मोजलं होतं: टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक तासामागे मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द मुलाच्या कानावर कमी पडले. बोलायला शिकायच्या वयात ही फार मोठी तूट आहे.

आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणते, दोन ते पाचला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. परगावच्या आजीचा व्हिडिओ कॉल चालतो, कारण बाळ हसलं की आजी हसते.

त्या आईनं शेवटी खरी अडचण सांगितली. संध्याकाळी सातला ती कामावरून येते, पोळ्या करायच्या असतात, घरात तिसरं माणूस नाही. तिला अपराधी वाटावं असं यात काहीच नाही. मी म्हटलं, त्याला ओट्यापाशी खाली बसवा, पुढ्यात मटारच्या शेंगा द्या आणि पोळ्या लाटता लाटता बोलत राहा. काल ती सांगत होती, निम्मे दाणे त्यानं खाल्ले, उरलेले घरभर झाले. पण शेंग उघडली की तो आता वर बघून "फुटली!" म्हणतो, आणि तिनं "फुटली?" म्हणेपर्यंत दुसरी घेत नाही.