पाण्यावरून जाणारी आगगाडी
आज दुपारी जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा २००१ सालचा ॲनिमेशनपट ‘स्पिरिटेड अवे’ पुन्हा पाहिला आणि त्याची नायिका चिहिरो हिच्या आगगाडीच्या प्रवासापाशी नेहमीप्रमाणेच जीव अडकला. रूळ पाण्याखाली गेलेले, शेजारी मुखवट्यातला काओनाशी नावाचा आत्मा, आणि सावल्यांसारखे प्रवासी आपापल्या स्थानकावर निमूटपणे उतरत जातात; एका फलाटावर तर एका लहान मुलीची सावली उभी राहिलेली दिसते, आणि ती कोणाची हे चित्रपट सांगत नाही. दोन टाळ्यांच्या मधल्या शांततेसारख्या अशा रिकाम्या क्षणाला मियाझाकी ‘मा’ म्हणतात. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असताना एकच चित्र तीन चौकटी वापरण्याची काटकसर ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, रूढच आहे, पण इथली स्तब्धता मला काटकसरीची मुळीच वाटत नाही. बाहेर अंधारत जाते, दिव्यांच्या पाट्या मागे सरकतात आणि चिहिरो समोर पाहत राहते.