मित्राचा लाल डेक आणि माझी घाई

रविवार, १७ मे, रात्री

नवतपा लागायला अजून आठवडा आहे, तरीही आज दुपारी नागपुरातल्या खामल्यातले रस्ते ओस पडले होते. मागच्या खोलीत कूलरसमोर सतरंजी टाकून आम्ही दोघे तीन तास ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळलो आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच मी माझ्या मित्राला तीनपैकी दोन डावांत हरवले. हे कसे घडले ते आठवणीत ताजे आहे तोवर लिहून ठेवतो, कारण इतके महिने मी ज्याला नशिबाचा खेळ समजत होतो त्यात माझ्याच चुका किती होत्या, हे मला फार उशिरा कळले.

त्याचा डेक, म्हणजे खेळायच्या कार्डांचा संच, संपूर्ण लाल आहे. एका मानात (मान म्हणजे कार्ड खेळण्यासाठी मोजावी लागणारी शक्ती) येणारी आणि आल्याआल्या हल्ला करणारी ‘गॉब्लिन गाइड’सारखी लहान क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डे, आणि सोबतीला चार ‘लाइटनिंग बोल्ट’. बोल्ट हे एका लाल मानाचे कार्ड आहे आणि ते थेट ३ लाइफ घेते. आपल्याकडे सुरुवातीला २० लाइफ असतात, ते संपले की डाव गेला, म्हणजे पहिल्या तीन-चार टर्नमध्ये क्रीचरनी अर्धे लाइफ नेले की उरलेले काम थोडीच कार्डे करतात. मी आजवर त्याच्याशी शर्यत लावत होतो. तो हल्ला करायचा म्हणून मीही हल्ला करायचो, आणि त्याच्यापेक्षा संथ डेक घेऊन त्याच्याच वेगाने धावण्याचा प्रयत्न करायचो. दोघांपैकी हल्ला कोणी करायचा आणि बचाव कोणी करायचा हे डाव सुरू होण्याआधीच ठरलेले असते, आणि त्याच्यासमोर बचाव माझ्याकडे आहे. आजच्या विजयाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ती कळली कशी, तर आम्ही डेक बदलून खेळलो तेव्हा. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे त्याचा डेक आठवडाभरासाठी मागितला आणि त्याने तो हसत दिला. त्याच्या जागी बसल्यावर मला दिसले की चौथ्या-पाचव्या टर्ननंतर हात रिकामा होतो, मग वरून जे कार्ड येईल त्याच्यावर दिवस काढावे लागतात आणि समोरच्याने त्या वेळी एक मोठे क्रीचर टाकले तर छातीत धस्स होते. समोरून पाहताना जो डेक अजिंक्य वाटायचा, त्याची भीती मला त्याच्या बाजूला बसूनच समजली. मित्राला हरवायचे असेल तर आधी त्याचा डेक मागून घ्यावा, असे मी कोणालाही मनापासून सांगेन.

मग माझ्या डेकचा हिशेब केला. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ साली आला आणि त्यात आकडेमोडीचे फळ हमखास मिळते. माझ्या ६० कार्डांत मान देणारे लँड फक्त १८ होते, कारण आवडती कार्डे काढून टाकायला जीव होत नव्हता. कागदावर मांडून पाहिले, तर १८ लँड असताना पहिल्या ७ कार्डांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता ३१ टक्के निघाली, आणि २४ लँड ठेवल्यावर तीच १४ टक्के झाली. म्हणजे दर तीन डावांतला जवळजवळ एक डाव मी पत्ते पिसतानाच अडचणीत आणत होतो. सहा आवडती कार्डे डब्यात गेली. त्यांच्यातले एक शाळेपासून माझ्याजवळ होते.

आणखी एक सवय मोडली. हरलेल्याने पुढच्या डावात आधी खेळायचे की नंतर, हे ठरवायचे असते. आधी खेळणाऱ्याला पहिल्या टर्नला कार्ड ओढता येत नाही, म्हणून त्या एका कार्डाच्या लोभाने मी नेहमी नंतर खेळायचो. वेगवान डेकसमोर मात्र ते एक कार्ड फार महाग पडते. आज पहिला डाव हरल्यावर मी आधी खेळणे निवडले आणि दुसरा जिंकला.

तिसऱ्या डावातली चौथी टर्न मी विसरणार नाही. माझ्याकडे ११ लाइफ, समोर ‘वॉल ऑफ ओमेन्स’ हे बचावाच्या भिंतीचे क्रीचर आणि हातात ‘रॅथ ऑफ गॉड’. त्याची २/२ ची (पहिला आकडा माराचा, दुसरा मार सोसण्याचा) दोन क्रीचर माझ्याकडे तोंड करून होती आणि त्याच्या हातात दोन कार्डे होती. रॅथ चार मानात दोन्ही बाजूंची सगळी क्रीचर नष्ट करते. चार लँड माझ्यासमोर उभे होते आणि बोटे त्या कार्डाकडे जात होती. मी ते ठेवून दिले. तो म्हणाला, “काऊन बे, काहीच नाही टाकत काय?” मी मान हलवली. त्याने दोघांनाही हल्ल्याला पाठवले, एकाला भिंतीने अडवले, दुसऱ्याने २ लाइफ नेले, आणि मग डाव संपवायच्या तयारीने त्याने आणखी दोन क्रीचर खाली मांडली. पुढच्या टर्नला मी रॅथ टाकली. त्याची चार कार्डे एका कार्डात गेली. माझी भिंतही गेली, पण ती येतानाच एक कार्ड ओढून देते, त्यामुळे तिचे मोल मला आधीच मिळाले होते.

त्यानंतर त्याने बोल्ट मारून मला ६ वर आणले. मी ‘सेरा एंजल’ टाकली. ती ४/४ आहे, एका बोल्टने मरत नाही, आणि हल्ला करूनही टॅप (म्हणजे आडवी, वापरून झालेली) होत नसल्याने बचावालाही उभी राहते. पुढचा बोल्टही त्याने मलाच मारला, लाइफ ३. तोवर दुसरी एंजल आली होती. एंजलांनी त्याचे आधी ४, मग ८, मग ८ लाइफ नेले. शेवटच्या दोन टर्न तो प्रत्येक कार्ड ओढताना मी श्वास रोखून बसलो होतो, कारण आणखी एक बोल्ट आला असता तर सगळा संयम वाया गेला असता. आले ते एक लँड आणि एक लहान क्रीचर.

त्याने हात मिळवला, पाणी प्यायला आणि रॅथचे कार्ड उचलून बराच वेळ पाहत राहिला. “अशा किती आहेत तुझ्याकडे?” त्याने विचारले. मी खरे ते सांगितले, तीन. त्याने स्वतःचा डेक मला आठवडाभर दिला होता, त्याच्यापासून आकडा लपवणे मला जमले नसते.

आता पुढच्या रविवारी तो सगळी क्रीचर एकदम खाली टाकणार नाही, दोन-तीनच मांडेल आणि बाकीची हातात राखील. तसे झाले तर रॅथने त्याचे फारसे नुकसान होणार नाही. म्हणून आत्ता डेक पुन्हा सतरंजीवर पसरला आहे. एक रॅथ काढून तिसरी एंजल घालावी असे वाटते, पण मग तो आधीसारखाच खेळला तर काय, हा प्रश्न राहतो. दोन्ही कार्डे शेजारी ठेवली आहेत.